काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये

अण्णांनी पेटीवर काळी एक दाबली आणि लगेच बोट उचललं. मग पांढरी दोन दाबून पाहिली, तीही सोडली. समोर टीव्हीवर एकतारी घेतलेला म्हातारा अभंग म्हणत होता, मागच्या भिंतीवर कंदिलाचा उजेड हलत होता आणि अण्णांचं बोट त्या दोन पट्ट्यांवर पुढेमागे होत होतं, अंधारात जिन्याची पायरी चाचपावी तसं. तिसऱ्यांदा प्रयत्न करून त्यांनी भाता सोडला, पेटीचं झाकण लावलं आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसले. इकडे अभंग अर्ध्यात असतानाच पडद्यावर एक झटका बसला आणि बसलेला म्हातारा एकदम दाराकडे चालताना दिसला. मधला तुकडाच नव्हता. माझी तेरा वर्षांची मुलगी इतका वेळ उशी पोटाशी धरून बघत होती. तिनं विचारलं, "आजोबा, त्या वेळी सिनेमे असेच धुरकट दिसायचे का?" मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "आसंच आसंल गं. आमालाच तवा लई भारी वाटलं आसंल."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

डीव्हीडी मीच आणली होती. गेल्या श्रावणात सांगलीत पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. शेवटच्या टेबलावर, पाककृतींच्या पुस्तकांच्या पलीकडे, जुन्या मराठी चित्रपटांच्या डीव्हीड्या एका खोक्यात उभ्या लावून ठेवल्या होत्या. आता डीव्हीडी विकत कोण घेतं, त्यामुळे विकणाराही निरवानिरवीच्याच मनःस्थितीत होता. एकेक मागे सारत गेलो आणि अण्णांचा तो चित्रपट हाताला लागला. मी लहानपणापासून जेवताना, गच्चीवर झोपताना, लाईट गेल्यावर ज्याची गोष्ट ऐकत आलो तो. कव्हरवर सोनेरी अक्षरांत ‘मूळ प्रिंटवरून’ असं छापलेलं. नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर कुणाची डीव्हीडी ते लगेच कळेल, आणि दुखणं एका कंपनीपुरतं नाही. माझ्या कपाटात असल्या तीस-पस्तीस डीव्हीड्या आणि त्याच्या दुप्पट व्हीसीड्या आहेत, वेगवेगळ्या लोकांनी काढलेल्या, आणि बहुतेकींची हीच तऱ्हा आहे.

अण्णांनी तो चित्रपट पाहिला पुसेगावला, सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, तंबूत. वय अकरा-बारा. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, बैलबाजाराला निघाले होते, खोंड घ्यायचं होतं, आणि अण्णा हट्टानं मागे लागले. खोंडाचा सौदा काही जमला नाही. त्या रिकाम्या हातांनी परत जायचं म्हणून असेल किंवा पोरगं रडवेलं झालं म्हणून असेल, आजोबांनी तंबूची दोन तिकिटं काढली. अण्णा सांगायचे ते सगळं अंगाला लागणारं असायचं. खालची माती गार, वर घोंगडं, बाजूला कुणीतरी शेंगा फोडतंय, ट्रकवर बसवलेल्या मशीनची घरघर, आणि रीळ बदलताना पडणारा काळोख, त्यात होणाऱ्या शिट्ट्या. मग परत उजेड आणि चित्र. "काळं म्हंजे कसं काळं," अण्णा म्हणायचे, "हिरीत वाकून बघावं तसं. आन् त्या काळ्यात म्हाताऱ्याचं तोंड तेवढं उजेडलेलं. दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा." आमच्या घरात कुणालाही न बघता तो चित्रपट पाठ होता. मुलगा शिकायला शहरात जातो, बऱ्याच दिवसांनी परत येतो, आई दारात उभी असते, तिनं पदर कपाळावर खाली ओढलेला असतो. तो वाकून तिच्या पायावर डोकं ठेवतो आणि तसाच राहतो. कारण पायांच्या बोटांत जोडवी नसतात, फक्त जोडव्यांचे पांढरे वळ असतात. कुणी एक शब्द बोलत नाही. तंबूतल्या बायकांच्या बाजूनं एकदम हुंदका आला, असं अण्णा सांगायचे. त्या वयात त्यांना कळलं नव्हतं. आजोबांनी कानात सांगितलं, "ह्याचा बा गेला."

डीव्हीडीत तो प्रसंग आला तेव्हा मुलीनं विचारलं, तो का रडतोय? मी पडद्याकडे बघतच राहिलो. आईचे पाय चित्रात नव्हते. मुलाची पाठ होती, लुगड्याचा काठ होता, आणि त्याखाली चित्र संपत होतं. त्या काळातलं चित्र चाराला तीन या मापाचं, जवळजवळ चौकोनी. आताचा टीव्ही सोळाला नऊ. कडेला दोन काळ्या पट्ट्या राहिल्या तर गिऱ्हाईक तक्रार करतं म्हणे, म्हणून चित्र रुंदीला भरेपर्यंत मोठं करायचं आणि वरखाली जे उरेल ते कापून टाकायचं. हिशेब केला तर उंचीचा बरोबर चौथा हिस्सा जातो. रुपयातले चार आणे. त्या चार आण्यांत माणसांची कपाळं गेली होती, पायांशी ठेवलेली दिवली गेली होती, जोडव्यांचे वळ गेले होते. कॅमेऱ्यामागे उभं राहून कुणीतरी ते पाय चित्राच्या तळाशी मुद्दाम बसवले असतील, उजेड तिथे पोचतोय का ते वाकून बघितलं असेल. पन्नास-साठ वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी एक बटण दाबलं. मुलीला मी तोंडी सांगितलं की त्याचे वडील गेलेत. तिनं "अच्छा" म्हटलं. सांगून कळण्यात आणि दिसण्यात जे अंतर आहे ते तिच्या ‘अच्छा’त मला स्पष्ट ऐकू आलं.

बाकीचं सांगायचं तर काळा रंग कुठेच काळा नव्हता. राखेत पाणी ओतल्यासारखा करडा होता, आणि अंधाराच्या जागी बारीक बारीक चौकोन वळवळत होते. चित्र दाबून कमी जागेत बसवलं की आधी अंधाराचा बळी जातो. अंधारातले बारीक फरक म्हणजे बिनकामाचे, असं ते गणित धरून चालतं, आणि कंदिलाच्या उजेडात घेतलेला चित्रपट तर त्या फरकांवरच उभा असतो. पांढरी धोतरं चुन्याच्या ढिगासारखी जळलेली. कोपऱ्यात कंपनीचं रंगीत बोधचिन्ह दोन तास न हलता बसलेलं, आणि ते मात्र अगदी लखलखीत. म्हाताऱ्याच्या दाढीचे केस मोजायचे तर दाढी एक पांढरा डाग होता. आणि हे सगळं बघून अण्णांनी निकाल दिला तो स्वतःच्या विरुद्ध. असंच असेल. मलाच तेव्हा भारी वाटलं असेल.

मला राग आला तो याचा. पैसे गेले याचा नाही.

व्हीसीडीच्या वेळी आम्ही राग धरला नव्हता. २००० सालानंतरची पाच-सात वर्षं आठवून बघा. एका चित्रपटाच्या दोन चकत्या, मोठा असेल तर तीन. ऐन भांडणात चित्र थांबायचं आणि कुणीतरी उठून दुसरी चकती घालायचं. बनियनला पुसून, तोंडाची वाफ देऊन ती चालवायची. एका चित्रात जेमतेम एक लाख ठिपके, लांबून बघितलेल्या माणसाला नाकडोळे नसायचे. तरी जे रेडिओवर नुसतं ऐकलं होतं ते हलताना दिसतंय, याचाच आनंद एवढा होता की बाकी सगळं माफ. मग डीव्हीडी आली, ठिपके चौपट झाले, आणि वाटलं की आता दिसेल. पण बऱ्याच जणांनी केलं काय, तर ज्या टेपवरून व्हीसीडी काढली होती त्याच टेपवरून डीव्हीडी काढली. ती टेप बहुधा कधीतरी टीव्हीला दाखवण्यासाठी केलेली, आणि जिच्यावरून केली ती प्रिंट गावोगावच्या तंबूंतून फिरून चाळण झालेली. निगेटिव्हवरून प्रिंट, प्रिंटवरून टेप, टेपवरून टेप, तिच्यावरून चकती. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की सातबाऱ्यावरचं नाव शेवटी वाचता येत नाही, तसंच. चौपट ठिपक्यांनी चौपट घाण तेवढी नीट दाखवली.

डीव्हीडीच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र मात्र चुकून शाबूत राहिलं होतं. मी ते थांबवून वाचलं. रिळं चौदा, लांबी १२,६०० फूट. आता ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा एक फूट म्हणजे सोळा चित्रं, सेकंदाला चोवीस चित्रं जातात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. १२,६०० भागिले ९०, एकशे चाळीस मिनिटं. चकती संपली एकशे एकोणीस मिनिटांत. एकवीस मिनिटं कमी. कागद घेऊन बसलो आणि अण्णांनी सांगितलेल्या गोष्टीतलं काय काय दिसलं नाही ते लिहीत गेलो. अभंगाचे शेवटचे दोन चरण नव्हते. जात्यावरची ओवी नव्हती. बैल विकायला नेतात तो प्रसंग नव्हता, आणि त्याच्याविना शेवटी रिकामा गोठा दाखवतात त्याला काही अर्थच राहत नव्हता. कव्हरवरच्या नंबरावर फोन लावला. उचलला, हे विशेष. पलीकडचा माणूस सौजन्यानं बोलला. म्हणाला, "जुना पिक्चर आहे ना साहेब, चालायचंच."

हे ‘चालायचंच’ मला सहन होत नाही. अण्णांची सगळी हयात सांगलीच्या पेठेत हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून गेली. लहानपणी मी सौद्याला त्यांच्याबरोबर जायचो. पोत्यातून मूठभर हळकुंडं काढायची, त्यातलं एक मोडायचं, कट्ट असा आवाज यायला पाहिजे, आणि मोडलेल्या जागी आतला रंग बघायचा. वरून कितीही पॉलिश मारा, आत काय आहे ते मोडल्याशिवाय कळत नाही, आणि मोडून बघितल्याशिवाय इथे कुणी भाव बोलत नाही. आणि जुनं म्हणजे खराब हे तर या गावाला मान्यच नव्हतं. हरिपूरला हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. हळद आत भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही, रंग उतरायचा नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, बाहेरची हवा आत जाऊ द्यायची, दोरीला कंदील बांधून सोडायचा आणि तो विझत नाही ना ते बघायचं. एवढा सोस कशासाठी, तर पिवळ्या रंगासाठी. २००५च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्याखाली गेली. तेव्हा पेठेतली माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी बसली होती. कुणी म्हणालं नाही, जुनी हळद होती, चालायचंच.

फिल्मलाही असंच पेव लागतं. थंड, कोरडं. साधारण १९५० पर्यंतची फिल्म नायट्रेटची, एकदा पेटली की पाण्यालाही दाद देत नाही. त्यानंतरची अॅसिटेटची. ती सहज पेटत नाही पण उष्णता आणि दमटपणा लागला की कुजते, डबा उघडला की व्हिनेगरचा आंबूस भपका येतो, फिल्म आकसते, वाकडी होते. शिवाय कृष्णधवल चित्रातला काळा रंग म्हणजे चांदी. खरोखरची चांदी, बारीक कणांची. त्यामुळे आपल्याकडे जुनी रिळं किलोवर विकली गेली, धुऊन चांदी काढून घेण्यासाठी. अण्णांनी ज्याला विहिरीतला काळोख म्हटलं तो कुठल्या तरी भट्टीत वितळून कुणाच्या तरी पैंजणात गेला असेल. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं १९६४ला. तोवर मूकपटांचा सगळा काळ आणि बोलपटांची तीन दशकं होऊन गेली होती. त्यानंतरही जानेवारी २००३मध्ये पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात, फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली. ज्या कंपनीच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तिचीच रिळं त्या आगीत होती. बातमी वाचली तेव्हा घरात मी मोठ्यानं वाचून दाखवली होती. अण्णा म्हणाले होते, "मग आता हाय ती नक्कल तरी जपाय पायजे." तेव्हा ते मला साधं वाटलं.

आता वाटतं, सगळ्यात शहाणं तेच होतं. कारण मूळ गेलं तरी नक्कल नीट हाताळली तर चित्रपट परत उभा राहतो. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची निगेटिव्ह १९९३ला लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगीत जळाली. जळालेली, चिकटलेली ती फिल्म कुणी टाकून दिली नाही. पुढे इटलीत बोलोन्याच्या कारागिरांनी ती ओली करून, मऊ करून, हातानं कडेचं एकेक भोक दुरुस्त केलं, जी रिळं हातची गेली होती ती दुसऱ्या चांगल्या प्रतींवरून भरून काढली, आणि २०१५ साली तो चित्रपट परत झळझळीत होऊन लोकांसमोर आला. मी तो पाहिला. काश गवताची फुलं वाऱ्यावर हलताना एकेक तुरा वेगळा दिसतो. तो १९५५चा चित्रपट आहे, अण्णांच्या चित्रपटाच्याच आगेमागचा. म्हणजे ‘त्या वेळी असंच धुरकट दिसायचं’ हे खोटं आहे. त्या वेळी स्वच्छ दिसायचं. यात्रेतल्या तंबूत, घासलेल्या प्रिंटवर, वाऱ्यानं हलणाऱ्या कापडावरसुद्धा आमच्या चाळीस इंची टीव्हीपेक्षा चांगलं दिसायचं.

आमचं गाव नाटकवाल्यांचं. १८४३ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथे केलं. त्या प्रयोगाचा आवाज कसा होता, राम कसा दिसत होता, कुणाला ठाऊक नाही आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नाही. नाटक त्या रात्रीचं असतं, हे करणाऱ्यालाही माहीत असतं आणि बघणाऱ्यालाही. हरिपूरच्या देवलांच्या नाटकातल्या जुन्या नटांबद्दल म्हातारी माणसं बोलायची तेव्हा आम्ही मुकाट ऐकून घ्यायचो, कारण ताडून बघायला काही नव्हतं. आठवणच शेवटचा पुरावा. चित्रपटाचं तसं नाही. तो राहतो असं सांगून आपण त्याच्याकडे गेलो. म्हणून वाईट प्रत नाटकाच्या न उरण्यापेक्षा वाईट. न उरलेलं नाटक आठवणीशी भांडत नाही. वाईट प्रत समोर उभी राहते, पुरावा म्हणून, आणि म्हाताऱ्या माणसाला सांगते की तुझी आठवण खोटी आहे. आणि तो मान खाली घालतो.

पेटीचं मात्र वेगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पेटी पुसत बसले होते. "सूर उतरल्यात बहुतेक," म्हणाले, "पुराच्या वल्लीनं." २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात खालच्या मजल्यावर कमरेच्या वर पाणी होतं. पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली, पण दहा-बारा दिवस त्या कोंदट ओलीत राहिली. अण्णांची भजनाची वहीही तिच्याच पोटाशी ठेवली होती. शाई फुटून पानं निळी झाली, तरी वाचता येते. त्या वहीत या अभंगाच्या डोक्यावर अण्णांच्या दिवाणजी वळणाच्या अक्षरात लिहिलंय, काळी एक. आकाशवाणीवर लागायचा तेव्हा ते पेटी घेऊन बसायचे आणि बरोबर वाजवायचे, कितीतरी वर्षं. आता जमत नाही म्हणजे पेटी बिघडली. चित्र धुरकट होतं तर आठवणीला दोष, सूर लागेना तर पेटीला. डीव्हीडीवर बोट ठेवायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. छापून आलेली, पैसे देऊन आणलेली वस्तू चुकीची कशी असेल?

पेटी घेऊन मिरजेला गेलो. तिथल्या वाद्यांच्या गल्लीत आमच्या ओळखीचे एक कारागीर आहेत. मुख्य काम तंबोऱ्याचं, पण पेटीही बघतात. दुकानात भोपळे टांगलेले, लाखेचा वास, कोपऱ्यात कुणी पोरगं घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी लावतंय. त्यांनी माझं ऐकून घेतलं, पेटी उघडली नाही, नुसती वाजवली. काळी एक बराच वेळ धरून ठेवली, शेजारच्या जुळलेल्या तंबोऱ्याला कान लावला आणि म्हणाले, "पेटी चोख आहे. तुमचं ते गाणं ऐकवा." फोनवर रेकॉर्ड करून नेलं होतं, ते लावलं. दोन ओळी ऐकून त्यांनी मान हलवली. मग काळी एक दाबली, पांढरी दोन दाबली, आणि दोन्हींच्या मधल्या फटीवर नखानं टिचकी मारली. "इथं आहे हे. कुठलाच गवई इथं लावून बसणार नाही. माणूस बरोबर गातोय, त्याला पळवलाय कुणीतरी."

पळवलाय. हा शब्द घेऊन मी घरी आलो आणि त्या रात्री उलगडा झाला. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रांनी घेतलेला असतो. आपल्याकडचा टीव्ही तेव्हा पाल पद्धतीचा, सेकंदाला पंचवीस. चोवीसाचं पंचवीस करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे चित्रपटच थोडा जोरात चालवायचा. शंभराला चार जास्त. चालणं-बोलणं एवढ्यानं डोळ्याला खटकत नाही, पण आवाजही तेवढाच चढतो, पेटीवरची एक अख्खी पट्टी नाही, पण जवळजवळ पाऊण पट्टी. काळी एकचा माणूस पांढरी दोनच्या अलीकडे येऊन अडकतो. आवाज परत खाली आणायची सोय असते, पण ती करावी लागते. म्हणजे माझा एकवीस मिनिटांचा हिशेबही चुकला होता. एकशे चाळीसची साडेपाच मिनिटं या पळवण्यातच गेली होती, कापलेली पंधरा-सोळाच. साडेपाच मिनिटं कात्री न लावता चित्रपटभर थोडी थोडी ओरबाडली होती, प्रत्येक श्वासातून, प्रत्येक थांबण्यातून. त्या म्हाताऱ्यानं घेतलेली प्रत्येक ओळीनंतरची उसंत त्यांनी कमी केली होती. आणि अण्णांना ते बोटाला कळलं होतं. डोळ्याला फसवता आलं, बोटाला नाही.

रविवारी मी चित्रपट कॉम्प्युटरवर घेतला आणि टीव्हीला वायर जोडली. वेग शंभरावरून शहाण्णववर आणला. आधी काहीच फरक पडेना. वेग कमी केला तरी हे प्लेअर आवाजाची पट्टी आपणहून आहे तिथेच धरून ठेवतात. ती सोय शोधून बंद केली. मग कडेला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ देत म्हणून चित्राचं माप बदलून पाहिलं, पण कापलेले पाय काही परत आले नाहीत. ते चकतीवर नव्हतेच. करडा रंगही तसाच, चौकोनही तसेच वळवळत होते, कोपऱ्यातलं बोधचिन्ह जागच्या जागी. अण्णांना हाक मारली. यायला तयार नव्हते, "बघितला की एकदा," म्हणाले. आईनं पेटी आणून पुढ्यात ठेवली तेव्हा बसले.

एकतारी वाजली. अण्णांनी भाता ओढला, सवयीनं काळी एकवर बोट ठेवलं, आणि या वेळी उचललं नाही. आवाज एकमेकांत असा मिसळला की पेटी वाजतेय की टीव्हीतच आहे ते कळेना. म्हातारा सावकाश गात होता, ओळ संपली की थांबत होता, आणि त्या थांबण्यात अण्णा दोन सूर भरत होते, जसे रेडिओसमोर बसून भरायचे तसे. मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मी तिला खुणेनं गप्प केलं. दुसरा चरण संपला. पुढे तो झटका आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी अण्णांना सांगायला विसरलो होतो. चित्र उडालं, म्हातारा उठून दाराकडे निघालेला दिसला. अण्णांचे डोळे मिटलेले होते. त्यांचा भाता थांबला नाही. पडद्यावर नसलेला तिसरा चरण त्यांनी त्याच पट्टीत, त्याच चालीत, थरथरत्या आवाजात उचलला. मुलीनं हात लांब करून कीबोर्डवरचं बटण दाबलं आणि म्हाताऱ्याला दारातच उभं केलं. अण्णा चौथ्या चरणाला लागले.